मोटारींतील वाणी, वाट आणि वार्ता

मोटार ही एके काळीं श्रीमंतांच्या दारांतील शोभेची वस्तु होती. आज ती मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि पोहोंचली आहे, आणि तिच्याबरोबर तीन अदृश्य सोबती घरांत आले आहेत. पहिला गाणें ऐकवितो, दुसरा वाट दाखवितो आणि तिसरा दूरच्या माणसाचा निरोप कानीं घालतो. ह्या तिघांची बैठक आतां बहुतेक गाड्यांत एकाच कांचेच्या पडद्यामागें मांडलेली असते. त्यामुळें एक महागडा गैरसमज रूढ झाला आहे. गाणें खरखरूं लागलें, नकाशावरील बाण भलतीकडे सरकला, किंवा फोनवरील माणसाला आवाज नीट ऐकूं येईनासा झाला, कीं दोष त्या पडद्याचाच असें मालक ठरवितो आणि कांहीं हजार रुपये मोजून नवा पडदा बसवून घेतो. पुष्कळदां नव्या पडद्यांतूनहि तीच खरखर ऐकूं येते, कारण रोग पडद्यांत नव्हताच. तो छपरावरच्या एरियलच्या बुडाशीं, डॅशबोर्डामागील एखाद्या सैल स्क्रूखालीं, किंवा चार्जरच्या खोबणींत बसविलेल्या स्वस्त चार्जरांत दडलेला होता.

पैसा गेला एवढ्यावर हा प्रश्न संपत नाहीं. रात्रीच्या वेळीं, अनोळखी रस्त्यावर, पावसांत गाडी हांकणारा माणूस ह्या सोबत्यांवर विश्वास टाकून असतो. त्यांचें सामर्थ्य कोठें संपतें हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या जिवावरहि प्रसंग येऊं शकतो. म्हणून हीं यंत्रें कशीं चालतात, बिघडतात कां, आणि सुधारावयाचीं तर कोणत्या क्रमानें, हें प्रत्येक मोटारवाल्या कुटुंबानें जाणून घेणें अगत्याचें आहे.

हा विषय समजून घेण्यास पुणें-नाशिक रस्त्यावरील पिंपळवंडीचा परिसर फार उपयोगी आहे. जुन्नर तालुक्यांतील हें गांव नारायणगांव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान, कुकडीच्या खोऱ्यांत आहे. पुण्याहून निघालेली गाडी राजगुरुनगर आणि मंचर मागें टाकून येथें येते. पुढें आळेफाट्यास कल्याणहून माळशेज घाटानें आलेला आणि अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता तिला छेदतो. द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोचा बाजार ही ह्या भागाची नेहमींची ओळख. परंतु आकाशांतून येणाऱ्या लहरी ऐकण्याच्या कामींहि हा मुलूख प्रसिद्ध आहे. १९७१ सालीं नारायणगांवनजीक आर्वी येथें उपग्रहांशीं संपर्क ठेवणारें विक्रम भू-केंद्र सुरू झालें. पुढें जवळच खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं महाकाय मीटरतरंग दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरली आहे. ती डोळ्यानें पाहत नाहीं. ताऱ्यांकडून आणि दीर्घिकांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी ऐकते.

ही दुर्बीण येथेंच कां उभारली? त्याचें एक मोठें कारण असें, कीं मोठ्या शहरांतील विजेच्या गोंगाटापासून हा भाग पुष्कळ मुक्त होता. क्षीण आवाज ऐकावयाचा तर आधीं भोंवतालचा गोंगाट थांबविला पाहिजे, हें शास्त्रज्ञांनीं जागा निवडतांनाच ध्यानांत घेतलें. तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, सदोष विद्युत् उपकरणें आणि मनोऱ्यांच्या लहरी यांचा उपद्रव ओळखून तो कमी करण्याचें काम तेथें चालूच असतें. खोडदच्या तबकडीला जो नियम लागू, तोच पिंपळवंडीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या वीतभर एरियललाहि लागू आहे. अधिक जोराचें यंत्र आणण्यापूर्वीं गोंगाट कोठून येतो तें पाहावें, हा तो नियम होय.

मोटारींतील तीन सोबत्यांकडे येणाऱ्या लहरी तीन निरनिराळ्या अंतरांवरून येतात. एफ. एम. नभोवाणीची लहर आपल्या देशांत साधारणपणें ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत, जमिनीवरील मनोऱ्यावरून येते. ती बहुतेक सरळ रेषेंत जाते. मध्यें डोंगर आला कीं अडते. जुन्या मध्यम लहरींची तऱ्हा वेगळी. त्या जमिनीच्या पृष्ठाला धरून दूरवर जातात, परंतु विजेची लहानशी ठिणगीहि त्यांत कडकडाट उठविते.

वाटाड्याची लहर ह्याहून विलक्षण. अमेरिकेच्या जी. पी. एस. योजनेचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात आणि १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आपली वेळ व स्थान सतत सांगत असतात. लहर सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर ह्या वेगानें येते. ती किती उशिरानें पोहोंचली हें मोजून यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें, आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें जुळवून स्वतःचें ठिकाण ठरवितें. एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर अंतरांत तीनशें मीटरांची चूक पडते. एवढ्या दुरून आलेली ही लहर जमिनीवर पोहोंचेपर्यंत इतकी क्षीण होते, कीं एका वॅटचे एकावर सोळा शून्यें इतके भाग केले तर त्यांतला जेमतेम एक भाग हातीं लागतो. भारतानेंहि ह्याच तत्त्वावर ‘नाविक’ ही स्वतःची योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह इस्रोनें १ जुलै २०१३ रोजीं सोडला.

तिसऱ्या सोबत्याचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. दूरच्या माणसाचा आवाज मोबाईलच्या मनोऱ्यावरून खिशांतील फोनापर्यंत येतो. तेथून मोटारीच्या यंत्रापर्यंतचें दोन-चार हातांचें अंतर तो ब्लूटूथच्या लहरीनें तोडतो. ही लहर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासची असून सामान्यतः दहा मीटरांपलीकडे तिचें काम नसतें. म्हणजे बोलणें तुटलें तर दोष मनोऱ्याकडील दुव्यांत आहे कीं ब्लूटूथच्या दुव्यांत, हें आधीं ठरविलें पाहिजे. फोन यंत्रापासून सोडवून थांबलेल्या गाडींत तसाच कानाला लावून पाहावा. तरीहि आवाज तुटत असेल तर मोटारीच्या यंत्राला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

एवढें समजलें म्हणजे तपासणी तीन प्रश्नांवर येते. काय काय बिघडलें? कोठें बिघडतें? आणि केव्हां बिघडतें? वाणी, वाट आणि वार्ता तिन्ही एकदम बंद पडल्या, तर वीजपुरवठ्याचा संशय घ्यावा. एकच बंद पडली, तर तिच्या स्वतःच्या साखळीचा. बिघाड नेहमीं त्याच वळणावर होत असेल, तर दोष बहुधा जागेचा. सगळीकडे होत असेल, तर गाडीचा. इंजिनाबरोबर, चार्जरबरोबर, पावसानंतर किंवा नवीन वस्तु बसविल्यापासून बिघाड सुरू झाला असेल, तर तेथेंच गुन्हेगाराचा माग लागतो. ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून जो वायरिंगवाल्याकडे जातो, त्याचा निम्मा खर्च वांचतो.

प्रथम वाणीचा विचार करूं. पुण्यांत सुस्पष्ट ऐकूं येणारें एफ. एम. केंद्र खेडच्या पुढें डोंगरांच्या आड हळूहळू विरूं लागतें आणि जुन्नर तालुक्यांत शिरेपर्यंत खरखरूं लागतें. हा बिघाड नव्हे. तो सह्याद्रीच्या फांट्यांचा प्रताप आहे. त्याच जागीं उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडींत तेंच केंद्र लावून पाहणें ही सर्वांत सोपी आणि फुकटची परीक्षा. दुसरींतहि खरखर असेल तर स्वस्थ बसावें. दुसरींत केंद्र स्वच्छ लागत असेल, तर मग आपल्या गाडींतील पेनड्राइव्हवरचें गाणें लावावें. तें नीट वाजलें म्हणजे स्पीकर आणि ध्वनिवर्धक निर्दोष ठरतात, आणि संशय एरियलवर येतो.

एरियलचे दोष थोडे आणि ठराविक असतात. छपरावरील दांडीच्या बुडाशीं पावसाळ्यांत पाणी शिरतें, गंज चढतो आणि छपराच्या पत्र्याशीं असलेला तिचा संबंध तुटतो. दांडी काढून बूड घासून स्वच्छ केलें आणि नवें रबर घातलें, तर पुष्कळदां तेवढ्यानेंच भागतें. दुसरा दोष नवें यंत्र बसविल्यानंतर उद्भवतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत एरियलच्या बुडाशीं लहानसा वर्धक असतो व त्याला विजेची गरज असते. मूळ यंत्र ती वीज आपोआप पुरवीत होतें. नवें यंत्र बसवितांना कारागिरानें निळी तार जोडली नाहीं, किंवा त्या गाडीला लागणारा जोड घातला नाहीं, तर वर्धक उपाशी राहतो आणि महागड्या नव्या यंत्रावर जुन्याहून कमी केंद्रें लागतात. मालक यंत्राला दोष देतो. दोष मात्र एका न जोडलेल्या तारेचा असतो. परदेशांतून आणलेलीं जुनीं यंत्रें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत घेणाऱ्यानें आणखी एक सावधगिरी बाळगावी. जपानांत एफ. एम.चा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि तेथील जुन्या यंत्रांत तो आपल्याकडील केंद्रें येण्यापूर्वींच संपतो. अमेरिकेंत मध्यम लहरींचीं केंद्रें दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरानें मांडलेलीं आहेत, तर आपल्याकडे नऊ-नऊच्या. तेव्हां देश निवडण्याची सोय यंत्रांत आहे ना, हें आधीं पाहावें.

आतां वीजपुरवठा. यंत्राच्या मागें येणाऱ्या तारांच्या जुडग्यांत तीन तारा मुख्य होत. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत पिवळी तार बॅटरीकडून अखंड वीज आणते आणि यंत्राची स्मरणशक्ति जिवंत ठेवते. तांबडी तार किल्ली फिरविल्यावरच वीज देते. काळी तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जाते. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी ह्या जोड्या चार स्पीकरांच्या. गाडी बंद केली कीं यंत्र घड्याळ आणि केंद्रें विसरत असेल, तर पिवळ्या तारेचा फ्यूज उडाला आहे किंवा पिवळी व तांबडी यांची अदलाबदल झाली आहे असें समजावें. कांहीं गाड्यांत मूळ जोडांतच ह्या दोन तारांच्या जागा उलट असतात. तेथें नवें यंत्र बसवितांना हीच चूक हमखास घडते. उलटपक्षीं, सकाळीं बॅटरी उतरलेली आढळत असेल, तर यंत्र रात्रभर झोपत नाहीं, म्हणजे तांबड्या तारेला अखंड वीज मिळत आहे, हा संशय घ्यावा.

ह्या कामाला कांहीं शें रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असतां चांगली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असतां सामान्यतः १३.८ ते १४.४. यंत्र मोठ्यानें वाजत असतांना काळी तार आणि बॅटरीचें ऋण टोंक यांच्यामध्यें मोजमाप घ्यावें. तेथें जवळजवळ शून्य यावयास हवें. व्होल्टचा पांचवा भाग किंवा त्याहून अधिक आला, तर अर्थिंग कच्चें आहे. रंगावर बसविलेला स्क्रू हें त्याचें नेहमींचें कारण. रंग खरवडून उघड्या लोखंडावर तो घट्ट बसवावा. तारांना हात लावण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडावें. मात्र बॅटरी सोडल्यावर कांहीं मूळ यंत्रें गुप्त अंक मागतात. तो अंक गाडीच्या कागदपत्रांत आहे ना, हें पाहूनच पाना हातीं घ्यावा.

गोंगाटाचा प्रश्न मोटार-रेडिओइतकाच जुना आहे. अमेरिकेंत गॅल्विन बंधूंच्या कंपनीनें १९३० सालीं ‘मोटोरोला’ ह्या नांवानें मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हां इंजिनाच्या ठिणग्यांनीं उठणारी खरखर दडपणें ही त्या कारागिरांपुढील मोठी अडचण होती. आजहि परीक्षा तीच आहे. आवाजांत एक बारीक शीळ आहे आणि ॲक्सिलरेटर दाबतांच ती चढते, असें आढळलें तर ती वीज निर्माण करणाऱ्या अल्टर्नेटरची होय. अर्थिंग कच्चें असल्यास, किंवा ध्वनीची तार बॅटरीच्या जाड तारेला चिकटून नेली असल्यास, ती स्पीकरांत शिरते. ध्वनीची तार गाडीच्या एका अंगानें आणि विजेची दुसऱ्या अंगानें न्यावी. इंजिनाशीं संबंध नसलेली सततची खरखर असेल, तर चार्जर, कॅमेरा, नवे एल. ई. डी. दिवे एकेक करून काढावे. स्वस्त चार्जरांत वीज फार जलद तोडून-जोडून व्होल्टेज उतरविलेलें असतें, आणि त्यांतून उठणाऱ्या लहरी एफ. एम.च्याच नव्हे, तर उपग्रहाच्या क्षीण लहरीलाहि गुदमरवितात. चार्जर काढतांच खरखर थांबली आणि नकाशावरील बाण जागेवर आला, म्हणजे दोन्ही रोगांवर एकच औषध सांपडलें. शेवटची परीक्षा एरियलची. यंत्रामागील एरियलचा प्लग उपसावा. खरखर थांबली तर ती हवेंतून येत होती, न थांबली तर तारांतून.

आतां वाटाड्याकडे वळूं. येथें जिवाचा प्रश्न आहे, म्हणून एक भेद पक्का ध्यानांत ठेवावा. स्थान दाखविणें आणि नकाशा दाखविणें हीं दोन निराळीं कामें आहेत. स्थान उपग्रह सांगतात. त्यासाठीं मोबाईलचा मनोरा लागत नाहीं. नकाशा मात्र पुष्कळदां इंटरनेटवरून, म्हणजे मनोऱ्याच्या वाटेनें येतो. माळशेजच्या घाटांत डोंगराआड मनोऱ्याचा संबंध तुटला, तर पडद्यावर निळा ठिपका जागेवर दिसतो, पण त्याच्याभोंवतीं रस्तेच नसतात. अशा वेळीं लोक जी. पी. एस. बंद पडलें म्हणतात. वस्तुतः तें चालू असतें, नकाशाचा पुरवठा थांबलेला असतो. उपाय फुकटचा आहे. निघण्यापूर्वीं घरींच त्या भागाचा नकाशा फोनांत उतरवून ठेवावा. उलट, नकाशा दिसतो पण ठिपका शेजारच्या शेतांत भटकतो, तर दोष उपग्रहाच्या लहरीचा. यंत्राची स्वतंत्र एरियल डॅशबोर्डाच्या वर, कांचेलगत, आकाश दिसेल अशी ठेवावी. धातूचा थर असलेल्या कांचेखालीं किंवा यंत्राच्या पत्र्यामागें ती कोंबली, तर तिला आकाश दिसत नाहीं.

जुन्या यंत्रांत तारीखच चुकते, त्याचेंहि कारण आहे. जी. पी. एस. आपल्या लहरींतून आठवड्यांचा अंक सांगतें. तो अंक १०२३ पर्यंत गेला कीं पुन्हां शून्यावर येतो. ६ जानेवारी १९८० पासून मोजतां असें पहिल्यानें ऑगस्ट १९९९ मध्यें आणि दुसऱ्यानें ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं घडलें. ज्या यंत्रांत ह्याची तरतूद नव्हती, त्यांचीं घड्याळें जवळजवळ वीस वर्षें मागें गेलीं, आणि कांहींना उपग्रह शोधण्यास फार वेळ लागूं लागला. कंपनीनें सुधारित आज्ञावली दिली असेल तर ती भरून घ्यावी. दिली नसेल तर त्या यंत्राच्या वाटाड्यास निवृत्त करून फोनावरील नकाशा वापरावा.

परंतु उपग्रह कितीहि अचूक असला, तरी पाणी कोठवर चढलें आहे तें तो सांगत नाहीं. जुन्नर-आंबेगांवच्या लोकांना हें निराळें सांगावयास नको. घोड नदीवरील डिंभे धरणांत जुनें आंबेगांव बुडालें; येडगांव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगांव जोगे यांच्या जलाशयांच्या कांठींहि पाणी ऋतूप्रमाणें चढतें-उतरतें. शेजारच्या अकोले तालुक्यांत कोतूळजवळ जानेवारी २०२१ मध्यें घडलेली घटना प्रत्येक चालकानें ध्यानांत ठेवावी. रात्रीच्या अंधारांत फोनावरील नकाशाच्या आधारानें निघालेली एक गाडी पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलाच्या रस्त्यानें गेली आणि पाण्यांत बुडाली. दोघे कसेबसे बाहेर पडले. चालक मात्र दगावला. नकाशावर तो रस्ता होता. जमिनीवर तो पाण्याखालीं होता. यंत्र बिघडलें नव्हतें. त्याला जें ठाऊकच नव्हतें, तें ठाऊक आहे असें मानलें गेलें. म्हणून रात्रीं अनोळखी गांवीं जातांना लांबचा पण वाहता हमरस्ता धरावा, पाण्याजवळ गाडी थांबवून पायीं पाहावें, आणि चहाच्या टपरीवर विचारण्यांत कमीपणा मानूं नये. त्या माणसाजवळ कालच्या रात्रीची बातमी असते.

तिसरा सोबती वार्तेचा. गाणें वाजतें पण फोन लागत नाहीं, ही तक्रार पुष्कळ घरांत ऐकूं येते. ब्लूटूथमध्यें संगीताची वाट आणि संभाषणाची वाट वेगळी असते. फोनाच्या सेटिंगमध्यें मोटारीच्या नांवापुढें दोन्ही परवानग्या दिलेल्या आहेत ना, हें पाहावें. मोटारीच्या यंत्राची ओळखीच्या फोनांची यादी भरली असेल, तर जुन्या फोनांचीं नांवें पुसावीं. मग दोन्ही बाजूंची जुनी ओळख काढून नव्यानें जोडणी करावी. घरांतील दोन फोन एकाच वेळीं गाडीशीं जोडले जात असतील, तर येणारा फोन भलत्याच खिशांत वाजतो; तेव्हां एकाचें ब्लूटूथ बंद ठेवावें. समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकूं येत असेल, तर आपल्या स्पीकरचा आवाज कमी करावा, कारण तोच माईकमध्यें पुन्हां शिरत असतो. त्याला नुसता वारा ऐकूं येत असेल, तर माईक ए. सी.च्या झोतासमोर बसविला आहे असें समजावें. माईकची योग्य जागा चालकाच्या डोक्यावर, ऊन अडविणाऱ्या पट्टीजवळ, तोंडाकडे वळलेली.

कायद्याचीहि येथें ओळख हवी. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत, गाडी चालवितांना हातांत धरून फोन वापरणें हें धोकादायक चालविण्यांत मोडतें. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलांत आलेल्या नियमानें केवळ वाट पाहण्यासाठीं, आणि चालकाचें चित्त विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, फोन वापरण्यास मुभा आहे. तथापि कायद्यानें हात मोकळे केले म्हणजे मन मोकळें होतें असें नाहीं. माणूस घरच्या भांडणाविषयीं बोलत असेल, तर त्याचे दोन्ही हात चाकावर असूनहि समोरची बैलगाडी त्याला उशिरां दिसते. घरच्या माणसांनींहि हें जाणावें. चालक रस्त्यावर आहे हें ठाऊक असतांना त्याला फोन करूं नये. केलाच तर, ‘पोहोंचल्यावर बोल,’ एवढेंच सांगून ठेवावा.

शेवटीं सुधारणेचा, म्हणजे जुन्याच्या जागीं चांगलें बसविण्याचा विचार. येथें पुन्हां खोडदचें उदाहरण घेण्यासारखें आहे. २०१० नंतरच्या दशकांत त्या दुर्बिणीची मोठी सुधारणा झाली, पण तिच्या तीस तबकड्या होत्या त्याच राहिल्या. बदलले ते लहरी ग्रहण करणारे भाग आणि त्यांच्या मागचीं विद्युत् उपकरणें. चांगलें आहे तें राखावें आणि साखळींतला दुबळा दुवा तेवढा बदलावा, हाच मोटारींतहि शहाणपणा होय. बहुतेक गाड्यांत दुबळा दुवा मूळचे कागदी स्पीकर असतात. ऊन आणि दमट हवेनें त्यांच्या कडा फाटतात. प्रथम पुढचे दोन स्पीकर बदलावे. पुष्कळांचें समाधान तेथेंच होतें. मग गरज वाटल्यास यंत्र, आणि सर्वांत शेवटीं स्वतंत्र ध्वनिवर्धक.

खोक्यावरील आंकड्यांना भुलूं नये. ‘५० वॅट गुणिले चार’ असें छापलेलें असतें. पण गाडींतील १४.४ व्होल्टांवर, ४ ओहमच्या स्पीकरला, साधें यंत्र अधिकांत अधिक सुमारें २६ वॅट शुद्ध आवाज देऊं शकतें. प्रत्यक्षांत वीसच्या आसपासच मिळतात. व्होल्टांचा वर्ग करून त्याला रोधाच्या दुपटीनें भागलें कीं हा हिशेब कोणत्याहि शाळकरी मुलास करतां येईल. घरांत बसून ऐकण्यास इतकेहि पुष्कळ होतात. एकाच जोडीवर दोन स्पीकर समांतर जोडले तर रोध निम्म्यावर येतो आणि यंत्र तापून बंद पडतें. तो मोह टाळावा.

यंत्र घेतांना गाडींतील खांचेचें माप पाहावें. एकेरी खांच १८० बाय ५० मिलिमीटरांची, दुहेरी १८० बाय १०० ची. फोनावरचाच नकाशा दाखविणारा पडदा घेणें अधिक श्रेयस्कर. ॲपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो ह्या नांवांनीं ती सोय मिळते. कारण नकाशा फोनांत राहिल्यानें तो ताजा राहतो आणि पडदा जुना झाला तरी वाट जुनी होत नाहीं. गाडीच्या कंपनीसाठीं बनविलेला जोड विकत घ्यावा, म्हणजे मूळ तारा कापाव्या लागत नाहींत आणि पुढें कधीं मूळ यंत्र परत बसवितां येतें. स्वतंत्र ध्वनिवर्धक बसवावयाचा तर बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आंत फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. तो नसेल आणि तार कोठें घासून उघडी पडली, तर गाडीला आग लागते. उडालेल्या फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे पहारेकऱ्यास झोपेचें औषध देणें होय. माईकची किंवा एरियलची तार पुढच्या खांबांतून नेतांना तेथील एअरबॅगच्या आड येऊं देऊं नये. अपघाताच्या क्षणीं ती पिशवी मोकळेपणानें उघडली पाहिजे. ब्रेक आणि इंजिन यांची माहिती वाहणाऱ्या तारांना तर हौशी माणसानें हातच लावूं नये.

ह्या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत सांगतां येतें. बिघाड झाला कीं आधीं काय, कोठें आणि केव्हां हे प्रश्न विचारावे. मग वीज, अर्थिंग, एरियल आणि तारा ह्या क्रमानें पाहावें. आणि यंत्र बदलण्याचा विचार शेवटीं करावा. प्रवासाला निघण्यापूर्वीं नकाशा उतरवून घ्यावा, फोन जोडून घ्यावा, गाणें लावून घ्यावें; गाडी सुटल्यावर पडद्याचें काम डाव्या बाजूच्या माणसाकडे सोंपवावें. एकट्यानें जावयाचें असेल तर पडद्याला हात लावण्यापूर्वीं गाडी रस्त्याच्या कडेला उभी करावी. वाणी, वाट आणि वार्ता हे तिघे सोबती गुणी आहेत. पण चाक त्यांच्या हातीं नाहीं.